नाणे स्थिर ठेवायचे तर धक्का कुणी झेलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बिटकॉइन कुणाच्या मालकीचे नाही हे चांगलेच, पण ज्याची किंमत आठवड्यात वीस टक्क्यांनी हलते त्यात पगार कोण घेईल आणि घरभाडे कोण ठरवेल? मग प्रोग्राममध्येच असे का लिहू नये, की मागणी वाढली की नवी नाणी काढ आणि मागणी घटली की नाणी कमी कर? रिझर्व्ह बँकेत माणसे बसून जे करतात ते कोडने करायचे, एवढेच. तुम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात, प्रोजेक्ट म्हणून हेच लिहायला घेतले आहे आणि ‘पुरवठा कमी करण्याचा भाग तेवढा राहिलाय’ असे म्हणता. त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. राहिलेला भाग तेवढाच आहे, आणि सगळा प्रश्नही तेवढ्यातच आहे.

माझे काम सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. माझी पहिली नोकरी पतसंस्थांसाठी सोनेतारण कर्जाचे सॉफ्टवेअर लिहिण्याची होती. पुढे डिजिटल चलनांकडे वळले, लिलावात बोली लावणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लिहिले, आणि आता तारण ठेवून नाणी देणाऱ्या प्रोटोकॉलांसाठी (कोडने चालणाऱ्या यंत्रणांसाठी) जोखमीचे हिशोब करते. किती तारण घ्यायचे, कोणत्या भावाला विकायला काढायचे, विकत घेणारा मिळेल का, हे माझे रोजचे प्रश्न. त्यामुळे मी अर्थशास्त्राच्या सिद्धांतापेक्षा वाईट दिवशी काय मोडते याकडे जास्त बघते.

आधी बिटकॉइनची किंमत का हलते ते पाहू. एकूण नाणी 2.1 कोटींच्या वर जाणार नाहीत आणि सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, ज्याबरोबर नवी नाणी येतात) निघेल, असे नियमातच आहे. भाव दुप्पट झाला म्हणून खाणकाम करणारे, म्हणजे संगणक चालवून ब्लॉक काढणारे, दुप्पट झाले, तरी दर 2016 ब्लॉकनंतर ब्लॉक काढण्याचे काठिण्य वाढते आणि वेग पुन्हा दहा मिनिटांवर येतो. सोन्याचा भाव चढला तर निदान कमी प्रतीच्या खाणी परवडू लागतात, घराघरांतली मोड बाजारात येते, थोडा तरी पुरवठा वाढतो. इथे एकही नाणे जास्त निघत नाही. मागणीतला सगळा बदल किमतीवर येतो. हे चुकून झालेले नाही, कुणाला हवे तेव्हा नाणी छापता येऊ नयेत यासाठीच ती रचना आहे. म्हणून स्थिर नाणे हवे असेल तर पुरवठा हलता ठेवावा लागतो, इथपर्यंत तुमचे बरोबर आहे.

आता तुमच्या राहिलेल्या भागाकडे या. समजा बाजारात 100 नाणी आहेत, प्रत्येकी एक डॉलर. उद्या लोकांना 60 डॉलरपुरतीच नाणी हवी आहेत. भाव एक डॉलरवर ठेवायचा तर 40 नाणी नाहीशी झाली पाहिजेत. कुणाची? नवी नाणी काढताना कुणी तक्रार करत नाही, कारण ती कुणाच्या तरी खिशात जातात. नाहीशी करताना कुणाच्या तरी खिशातून काढावी लागतात, आणि फुकट कुणी देत नाही. मध्यवर्ती बँकेकडे यासाठी साठा असतो. रुपया फार घसरू लागला की रिझर्व्ह बँक आपल्याकडचे डॉलर विकते आणि बदल्यात रुपये आत घेते. शिवाय सरकार कर रुपयातच मागते, म्हणून रुपयाची मागणी कधी शून्यावर जात नाही. कोडकडे यातले काहीच नसते. बाहेरून कुणीतरी काहीतरी आणून ठेवले असेल तेवढेच.

मी जेवढे आराखडे तपासले त्यात या 40 नाण्यांचे उत्तर तीन प्रकारे दिलेले दिसते.

पहिले उत्तर म्हणजे सगळ्यांच्या वॉलेटमधून सारख्या प्रमाणात कापणे. 2019 मध्ये आलेल्या अँपलफोर्थमध्ये हे रोज होते. भाव लक्ष्याच्या वर असेल तर प्रत्येकाच्या वॉलेटमधली नाणी वाढतात, खाली असेल तर कमी होतात. एका नाण्याचा भाव लक्ष्याकडे परततो, पण काल तुमच्याकडे 100 नाणी होती आणि आज 80 असतील तर तुमच्या खिशाला काय स्थिरता मिळाली? माप तेवढेच दिसावे म्हणून किलोचे वजनच बदलण्यासारखे आहे ते. विचार म्हणून त्यात शिकण्यासारखे आहे. भाडे भरायला मात्र उपयोग नाही.

दुसरे उत्तर म्हणजे वायदा. आज तुमचे नाणे द्या, जाळून टाकतो, म्हणजे कायमचे नाहीसे करतो, बदल्यात रोखा घ्या, उद्या मागणी वाढली की जास्त देऊ. बेसिस नावाच्या प्रकल्पाने याच कल्पनेवर सुमारे 13.3 कोटी डॉलर उभे केले होते. ते रोखे अमेरिकेच्या कायद्यात सिक्युरिटी (शेअरसारखे नियमनाखालचे गुंतवणूक-साधन) ठरतील आणि मग त्यांची खुली खरेदीविक्री होऊ शकणार नाही, असे दिसल्यावर डिसेंबर 2018 मध्ये त्यांनी काम थांबवून पैसे परत केले. माझ्या मते प्रश्न कायद्यापुरता नव्हता. असा रोखा तेव्हाच विकला जातो जेव्हा लोकांना उद्यावर विश्वास असतो, आणि तो विकण्याची गरज नेमकी विश्वास उडालेला असतो त्या दिवशी पडते.

याच प्रकारातले सगळ्यांत मोठे नाव टेराचे. ते मी जरा आकड्यांनी मांडते, कारण तुमचा आराखडा याच्याशी जवळजवळ जुळतो आणि तुमच्या ते लक्षात आलेले नसावे. टेराची नाणी दोन, डॉलरला बांधलेले यूएसटी आणि मोकळ्या भावाचे लुना. नियम सोपा होता: एक यूएसटी जाळले की एक डॉलर किमतीचे लुना मिळेल, आणि एक डॉलरचे लुना जाळले की एक यूएसटी मिळेल. यूएसटी 98 सेंटला मिळू लागले तर कुणीही ते घेऊन जाळेल, डॉलरचे लुना घेईल आणि दोन सेंट कमावेल. कागदावर चोख. लुनाचा भाव 80 डॉलर असताना एका यूएसटीसाठी लुनाचा ऐंशीवा भाग काढावा लागतो. लुना एक डॉलरवर आला की एक अख्खे लुना. एक सेंटवर आला की शंभर. जितके लुना निघेल तितका त्याचा भाव पडेल, आणि जितका भाव पडेल तितके जास्त काढावे लागेल. मे 2022 च्या सुरुवातीला यूएसटी सुमारे 1,800 कोटी डॉलरचे होते आणि त्यातले बहुतांश अँकर नावाच्या योजनेत जवळपास 20 टक्के व्याजासाठी पडून होते. 7 मेपासून लोक बाहेर पडू लागले. आठवडा संपण्याच्या आत लुनाची संख्या सुमारे 35 कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली आणि भाव सेंटच्या बारीकशा अंशावर आला. पाठीशी ठेवलेली सुमारे 80,000 बिटकॉइन जवळजवळ सगळी खर्ची पडली, शेवटी 313 उरली. टेराचा संस्थापक डो क्वॉन याने 2025 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

फसवणूक झाली हे खरे. पण सगळे जण प्रामाणिक असते तरी तो नियम त्या आठवड्यात टिकला नसता, असे मला ठामपणे वाटते. यूएसटीला आधार लुनाचा आणि लुनाला किंमत कशामुळे, तर लोक यूएसटी वापरतील या आशेमुळे. एकाच भिंतीला टेकलेल्या दोन शिड्या असत्या तर चालले असते. इथे दोन शिड्या एकमेकींनाच टेकलेल्या होत्या. जून 2021 मध्ये आयर्न फायनान्सचे टायटन हे नाणे दोन दिवसांत असेच शून्याजवळ गेले होते, आणि तरीही पुढच्या वर्षी लोकांनी टेरात आयुष्यभराची बचत ठेवली. त्यात माझ्या ओळखीचेही होते. म्हणून या प्रकाराबद्दल मी गुळमुळीत बोलत नाही. तुमच्या आराखड्यात लुनासारखे ‘शेअर टोकन’ आहे ना, ते काढा.

तिसरे उत्तर तारणाचे, आणि तिथे माझी जुनी नोकरी कामाला येते.

सोनेतारणाचे सॉफ्टवेअर लिहायचे तर आधी काउंटरच्या मागे बसून बघ, असे माझ्या वरिष्ठांनी सांगितले होते. एक आजी पाटल्या घेऊन आल्या होत्या. सराफाने कसोटीच्या दगडावर पाटली घासली, रेघेवर आम्लाचा थेंब टाकला, रंग पाहिला. मग वजन केले, लाखेचे वजन वजा केले आणि निव्वळ वजन वहीत लिहिले. त्या दिवशीच्या भावाने जी किंमत आली तिच्या सत्तर-पंचाहत्तर टक्केच कर्ज. आजींनी विचारले, ‘एवढंच का रं बाळा?’ सराफ म्हणाला, ‘भाव पडला तर मला वरचं कोण देणार, आजी?’ स्थिर नाण्याचे सगळे गणित त्या एका वाक्यात आहे. वरची पंचवीस-तीस टक्के ही आजींनी दिलेली उशी. भाव पडला तर धक्का आधी त्या उशीला बसतो, पतसंस्थेला नंतर.

मेकर या प्रोटोकॉलने डिसेंबर 2017 मध्ये आणलेले, डॉलरला बांधलेले डाय हे नाणे याच पद्धतीने चालू झाले. सोन्याच्या जागी ईथर (इथेरियम या नेटवर्कचे नाणे), सराफाच्या जागी बाहेरच्या बाजारातली किंमत सांगणारे ओरॅकल, पतसंस्थेच्या जागी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे त्या नेटवर्कवर आपोआप चालणारा प्रोग्राम. समजा ईथर 300 डॉलरला आहे. तुम्ही 10 ईथर म्हणजे 3,000 डॉलरचे तारण ठेवले आणि 1,500 डाय काढले. हे डाय नव्याने जन्माला आले. तुम्ही ते परत भरलेत की जळून जातात आणि ईथर सुटते. तारण कर्जाच्या दीडपटीखाली जाता कामा नये असा नियम. म्हणजे ईथर 225 डॉलरला आले की तारण 2,250 डॉलरचे होते आणि तुम्ही काठावर येता. त्याखाली गेलात की लिलाव. लिलावाच्या रकमेतून तुमचे कर्ज आणि दंड वळता होतो, उरलेले ईथर तुम्हाला परत. तुमच्या ‘40 नाणी कुणाची’ या प्रश्नाला इथे सरळ उत्तर आहे: ज्याने कर्ज काढले त्याची. त्याने ती स्वतःहून बाजारातून घेऊन भरावीत, नाहीतर त्याचे तारण विकून भरली जातील.

जानेवारी 2018 मध्ये ईथर सुमारे 1,400 डॉलरवर होते आणि त्याच डिसेंबरात 100 च्या खाली होते. एवढ्या पडझडीत डाय एका डॉलरच्या आसपासच राहिले. ज्यांनी हे पाहिले त्यांचा या पद्धतीवर विश्वास बसला, माझाही तेव्हाच बसला. पण एक खाच लक्षात घ्या. डायचा पुरवठा तेव्हा डाय हवे असणाऱ्यांच्या हातात नव्हता, तो कर्ज काढणाऱ्यांच्या हौसेवर होता. ईथर वाढणार असे वाटणारे लोक ईथर तारण ठेवून, डाय विकून आणखी ईथर घेतात. 2019 मध्ये त्यांनी इतके डाय काढले की भाव सतत डॉलरच्या जरा खाली राहू लागला. मग कर्जावरचा दर, ज्याला तिथे स्थिरता शुल्क म्हणतात, वर्षाला अर्ध्या टक्क्यावरून टप्प्याटप्प्याने 19.5 टक्क्यांवर न्यावा लागला. तो आपोआप वाढला नाही, एमकेआर हे मेकरचे मताधिकाराचे टोकन असलेल्या लोकांनी मतदान करून वाढवला. म्हणजे ‘कोडने करायचे’ म्हटले तरी पतधोरण समितीसारखे काहीतरी मागच्या दाराने आलेच.

आता 12 मार्च 2020. कोरोनाच्या भीतीने जगभरचे बाजार पडत होते आणि ईथर एका दिवसात चाळीस टक्क्यांहून जास्त पडले. भारतात गुरुवारची दुपार होती. माझा बॉट मेकरच्या लिलावात बोली लावायचा: तारण विकायला निघाले की डाय देऊन ईथर घ्यायचे आणि बाजारात विकून फरक ठेवायचा. असे काम करणारे बॉट म्हणजे त्या यंत्रणेचे ग्राहक, लिलावात हात वर करणारे व्यापारी. त्या दिवशी सगळ्यांनाच एकाच वेळी व्यवहार करायचे होते, त्यामुळे इथेरियमची गॅस फी, म्हणजे व्यवहार नोंदवून घेण्याचे शुल्क, नेहमीच्या कित्येक पट झाली. माझ्या बॉटमध्ये फीची कमाल मर्यादा मीच लिहिली होती, शांत दिवस पाहून. पहिली बोली त्या मर्यादेला अडकली. इथेरियममध्ये एका खात्याचे व्यवहार क्रमांकानेच जातात, त्यामुळे एक अडकला की त्यामागचे सगळे अडकतात. मी स्क्रीनकडे बघत होते आणि माझ्या बारा बोल्या एकामागोमाग ‘पेंडिंग’ अशा उभ्या होत्या. क्रमांक तोच ठेवून जास्त फीचा व्यवहार पाठवून रांग मोकळी करेपर्यंत पाऊण तास गेला. तोवर लिलाव संपत होते, आणि विजेती बोली दिसत होती शून्य डाय. खरोखर शून्य. ज्याची फी गेली त्याने शून्य बोलीत ईथर नेले, कारण समोर दुसरी बोलीच नव्हती. त्या दिवसांत सुमारे 83 लाख डॉलरचे ईथर असे फुकट गेले. कर्जदारांना दंड वजा जाता जे परत मिळायला हवे होते ते मिळाले नाही, आणि यंत्रणेत पन्नास लाख डायहून जास्तीची तूट आली. ती एमकेआर टोकन नव्याने काढून, लिलावात विकून भरली.

या प्रसंगातून मी जे शिकले ते आजही माझ्या प्रत्येक अहवालात पहिल्या पानावर असते: तारण किती आहे हा दुसरा प्रश्न, पडत्या भावात ते विकत घेणारा कोण आणि त्याच्याकडे त्या क्षणी रोकड आहे का हा पहिला. पतसंस्थेत नोटीस जाते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, लिलावाला आठवडे लागतात आणि सोने एका दिवसात चाळीस टक्के पडत नाही. इथे एका बोलीनंतर दुसरी यायला दहा मिनिटांची मुदत होती. नंतर ती सहा तास केली आणि 2021 मध्ये लिलावाची पद्धतच बदलून वरून खाली उतरत जाणाऱ्या भावाची केली, म्हणजे शून्याची बोली जिंकण्याचा प्रश्न येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली, जी विद्यार्थ्यांना समजावून सांगायला मला नेहमी वेळ लागतो. तारण कोसळत असताना डाय पडले नाही, वर गेले. कारण कर्ज फेडायला सगळ्यांना डाय हवे होते, लिलावात बोली लावायलाही डायच हवे होते, आणि नवे कर्ज काढून डाय निर्माण करायला कुणी तयार नव्हते. स्थिर नाणे डॉलरच्या वर जाणे ही चैन वाटते, पण ज्याचे तारण जप्तीच्या काठावर आहे त्याला 1 डॉलरचे कर्ज 1 डॉलर 8 सेंटचे नाणे घेऊन फेडावे लागते.

त्यावर मेकरने जो उपाय केला तो इलाज म्हणून चालला, पण त्याने मूळ प्रश्नच बदलला. काही दिवसांतच यूएसडीसी हे कंपनीचे डॉलर-नाणे तारण म्हणून घेतले, आणि डिसेंबर 2020 मध्ये अशी खिडकी उघडली जिथे एक यूएसडीसी द्या आणि एक डाय घ्या, किंवा उलट. डाय डॉलरला अगदी चिकटले. पण आता डायच्या मागे बँकेतले डॉलर होते. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने टॉर्नेडो कॅश या व्यवहारांचा माग लपवणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले तेव्हा यूएसडीसीच्या कंपनीने त्या सेवेच्या पत्त्यांवरची नाणी गोठवली. सगळ्यांना दिसले की हे तारण कुणीतरी एका बटणावर गोठवू शकते. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, यूएसडीसीच्या साठ्यातले 330 कोटी डॉलर तिथे होते. शनिवारी, 11 मार्चला, यूएसडीसी 90 सेंटच्याही खाली गेले आणि डाय त्याच्याबरोबर गेले. रविवारी अमेरिकी सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केले, मग दोन्ही सावरले. विकेंद्रित नाण्याला वाचवायला शेवटी सरकार आले. मी हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. त्या लोकांपुढे 2020 मध्ये दुसरा पर्याय फार कमी होता. पण किंमत मोजली गेली आणि ती कशात, ते तुम्ही डोळ्यांसमोर ठेवा.

इथवरचे एका वाक्यात: चढउतार कुठल्याही रचनेत नाहीसा होत नाही, तो धारकाकडे जातो, आशेवर बसलेल्यांकडे जातो, कर्जदाराकडे जातो किंवा बँकेकडे जातो.

यूएसडीसीशिवाय चालवून दाखवणारे दोन प्रयोग मला मनापासून आवडतात, ते वाचून काढा. एप्रिल 2021 मध्ये आलेले लिक्विटी या प्रोटोकॉलचे एलयूएसडी हे डॉलर-नाणे फक्त ईथरच्या तारणावर चालते. त्यात मतदान नाही, नियम एकदा लिहिले ते लिहिले. कुणीही एक एलयूएसडी देऊन शुल्क वजा जाता एक डॉलरचे ईथर मागू शकतो, आणि ते सगळ्यांत कमी तारण असलेल्या कर्जदाराच्या खात्यातून जाते. त्यामुळे खाली डॉलरची जमीन पक्की आहे. वरची बाजू सैल आहे, कारण किमान तारण 110 टक्के असल्याने छत 1 डॉलर 10 सेंटच्या आसपास. लिलावाऐवजी आधीच पैसे घालून ठेवलेला एक कुंड आहे. विकत घेणारा अगोदरच रोकड घेऊन बसलेला असतो. 12 मार्चचा धडा याहून नीट कुणी उतरवलेला मी पाहिलेला नाही.

दुसरा प्रयोग राय या नाण्याचा. फेब्रुवारी 2021 मध्ये ते 3.14 डॉलरला सुरू झाले आणि त्याला डॉलरशी बांधलेलेच नाही. बाजारभाव लक्ष्याच्या खाली असेल तर यंत्रणा लक्ष्य हळूहळू वर सरकवते, मग कर्जदाराला कर्ज जड वाटते आणि तो नाणी घेऊन फेडतो. भाव वर असेल तर लक्ष्य खाली. तुम्ही कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिला असेल तर हा कंट्रोलर ओळखीचा वाटेल. चालते छान, पण भाव बराच काळ लक्ष्याच्या वर राहिला की धारकाच्या नाण्याची किंमत रोज थोडी झिजते. लोकांना ते आवडत नाही. राय लहानच राहिले. सामान्य माणसाला ‘एक म्हणजे एक डॉलर’ हे समजते, ‘हळू हलणारे’ समजायला त्रास होतो, आणि यात त्याचे काही चुकत नाही.

ओरॅकलबद्दल थोडक्यातच सांगते, कारण तुमच्या आराखड्यात एका एक्स्चेंजचा भाव थेट घेतला आहे आणि ते बदलायलाच हवे. एका बाजारातला भाव कुणीही काही मिनिटांसाठी हलवू शकतो. अनेक ठिकाणचे भाव घ्या, मधला आकडा धरा, आणि तो लागू करण्याआधी थोडा वेळ द्या. मेकर एक तास देत असे. हा तास चोरापासून वाचवतो, पण खऱ्या पडझडीत तासभर जुन्या भावावर काम करायला लावतो. दोन्ही एकदम मिळत नाही. किती तास, हे तुमचे तारण किती वेगाने पडू शकते त्यावर आहे. इथे मी एक आकडा देऊ शकत नाही.

तुम्ही शेवटी विचारले आहे की असे नाणे आपल्याकडे पगार-बचतीसाठी वापरता येईल का. आधी स्थिर कशाशी, ते ठरवा. 2022 च्या सुरुवातीला डॉलर 75 रुपयांच्या आत होता आणि वर्षअखेरीला 82 च्या पुढे. डॉलरला चिकटलेले नाणे नाशिकच्या किराणा दुकानात स्थिर नव्हते. फायद्यात होते, पण स्थिर नव्हते, आणि ज्याला डॉलरचे कर्ज फेडायचे होते त्याला तेवढाच तोटा होता. मग रुपयाला बांधावे म्हणाल, तर दुसरी अडचण. नाण्याचा भाव बाजारात नीट धरून ठेवतात ते फरकावर कमावणारे लोक: 99.5 पैशांना घ्यायचे, रुपयाला सोडवायचे, अर्धा पैसा ठेवायचा. आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून ठरावीक मर्यादेवरच्या अशा हस्तांतरावर 1 टक्का टीडीएस कापला जातो, आणि एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. टीडीएस विवरणपत्र भरल्यावर जुळवून घेता येतो, पण तोवर भांडवल अडकते. अर्ध्या टक्क्यासाठी एक टक्का अडकवून दिवसाला पन्नास व्यवहार कोण करील? तो माणूस नसेल तर तुमचा कोड कितीही चोख असला तरी भाव सैलच राहील. आणि रोजच्या व्यवहाराला रुपयाच हवा असेल तर रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया डिसेंबर 2022 पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक तत्त्वावर आहे. तो स्थिर आहे, विकेंद्रित नाही. तुमच्या आईबाबांच्या बचतीचा प्रश्न असेल तर बँकेतली ठेव ठेवा. प्रोजेक्टसाठी हा विषय घ्या, घरच्या पैशासाठी घेऊ नका.

प्रोजेक्टचे म्हणाल तर मी असे करीन. शेअर टोकन काढून टाका. एकच तारण घ्या, दीडपट किंवा दुप्पट. लिलावाऐवजी आधी रोकड भरलेला कुंड ठेवा. मग 12 मार्च 2020 चे ईथरचे मिनिटामिनिटाचे भाव उतरवून घ्या, ते सार्वजनिक आहेत, आणि तुमच्या सिम्युलेशनला द्या. त्यात दोन गोष्टी मुद्दाम बिघडवा: ओरॅकलचा भाव एक तास उशिरा पोहोचू दे, आणि दहापैकी नऊ बॉटांचे व्यवहार अडकू दे. प्रत्येक लिलावापुढे एक रकाना ठेवा, ‘कुणी घेतले आणि कुठल्या पैशाने’. तो रकाना जिथे रिकामा राहील त्या ओळीचा क्रमांक मला कळवा, तिथून पुढे बोलू.